लेन बदलणारा मामा

सेग्गुजा अठ्ठावीस वर्षं कंपालात चौदा माणसांची टॅक्सी हाकत होता, आणि लेन कधी बदलायची यावर त्याला कुणी अक्कल शिकवलेली खपत नसे. समोरच्याचा इंडिकेटर बघायचाच नाही, तो बहुतेक वेळा कोपर लागून पेटलेला असतो. चाक बघायचं. चाक तिरपं झालं की घुसायचं. आणि भाजकी केळी विकणाऱ्या बायका ज्या लेनशेजारी ठाण मांडतात ती अर्धा तास हलत नाही, हे त्यांना पोलिसांच्या आधी कळतं.

त्या शनिवारी मात्र टॅक्सीत भाडं नव्हतं. भाचा कबूये याच्यासाठी न्सांगी गावी मुलीला मागणी घालायला जायचं होतं. बहीण वारली तेव्हा कबूये चार वर्षांचा होता. तेव्हापासून सेग्गुजानेच त्याला वाढवलं. मुलाकडून बोलायचा मान त्याचा, आणि मुलीच्या भावाला द्यायचा कोंबडाही त्याच्याच टॅक्सीत. भावाने कोंबडा हातात घेतला तरच मागणी झाली. मुलीचा बाप निवृत्त हेडमास्तर. दोनला फाटक बंद होईल, असं त्याने तीनदा कळवलं होतं.

"अहो, मुकाट आमच्या मागे या," बायको नाकिगुदे दुसऱ्या गाडीतून ओरडली. "आज तरी शहाणपणा नको!"

"तुम्हीच माझ्या मागे या. वेळेत पोचाल."

बुसेगाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. नातेवाइकांच्या तिन्ही गाड्या उजव्या लेनमध्ये गप्प उभ्या राहिल्या. सेग्गुजाने शेजारच्या ट्रकचं चाक पाहिलं, हॉर्न दिला आणि डावीकडे घुसला. दहा गाड्या मागे पडल्या, तेवढ्यात डावी लेन मेली आणि उजवी सुटली. नाकिगुदे खिडकीतून हात हलवत पुढे निघून गेली. तो शिव्या देत उजवीकडे आला, तर उजवी थांबली. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, शेवटी परत डावीकडे. एका बसवाल्याने मान बाहेर काढली.

"काय काका, नाच बसवताय?"

दीडला कबूयेचा फोन आला. "मामा, आम्ही पोचलो. तुम्ही कुठे?"

"हा काय, आलोच."

"मामा, खरं सांगा."

सेग्गुजाने बाहेर पाहिलं. केळीवाली त्याच्याच दाराशी टोपली टेकवून ऐसपैस बसली होती.

त्याने टॅक्सी कडेला घेतली आणि किल्ली तिच्या हातात दिली. "मावशी, लक्ष ठेव."

"इथून कुठे पळणारे ती?" ती म्हणाली.

पांढरा पायघोळ झगा वर खोचून, कोंबडा काखेत मारून तो भाड्याच्या मोटरसायकलवर बसला. मोटरसायकलवाल्याने एकदाही लेन बदलली नाही. त्याला लेनच नव्हती. तो दोन्हींच्या मधून निघाला. कोंबडा दोन्हीकडच्या गाड्यांवर ओरडत होता आणि सेग्गुजा डोळे मिटून बहिणीची माफी मागत होता.

दोन वाजून सहा मिनिटं. फाटक बंद.

"कोण?" मुलीकडच्या बोलणाऱ्याने आतून कर्ण्यावर विचारलं.

"मुलाचा मामा."

"मुलाकडची माणसं कधीच बसली. तुम्हाला उशीर का?"

जन्मभर सेग्गुजाने उशिराचं खापर पोलिसांवर, पावसावर, खड्ड्यांवर फोडलं होतं. आज त्याला लाज वाटली.

"मी लेन बदलली," तो म्हणाला. "पाच वेळा."

मांडवात हशा पिकला. पण हेडमास्तर तो हेडमास्तरच. फाटक वीतभर उघडलं, मुलीच्या भावाचा हात बाहेर आला, कोंबडा आत गेला आणि फाटक पुन्हा लागलं. आत बायकांनी एकच कल्लोळ केला. मागणी मान्य झाली होती, फक्त मामा बाहेर राहिला होता.

मग कर्ण्यावर नाकिगुदेचा आवाज आला. सेग्गुजाने महिनाभर घरात घोकलेलं भाषण ती त्याच्यापेक्षा बरं म्हणत होती. त्याच्या बहिणीच्या नावाशी येऊन तिचा आवाज कातर झाला, तेव्हा तो फाटकाला कान लावून हमसून हमसून रडला.