योहान ड्रेसर आणि नवसाचा बोकड

खांडबाऱ्याच्या गुरांच्या दवाखान्यात योहान ड्रेसर सव्वीस वर्षं आहे. जनावराचा मोडलेला पाय बांधावा तर त्यानेच. बांबूच्या पट्ट्या तासायच्या, कापूस गुंडाळायचा, वरून कापड आवळायचं. हाड सरळच जुळणार, असा त्याचा लौकिक.

दर गुरुवारी दुपारी गर्दी ओसरली की गावाबाहेरच्या बालगृहातली मुलं तिथे येत. ही दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंची कल्पना. घर नसलेल्या, मारझोड पाहिलेल्या पोरांनी तासभर मुक्या जिवांजवळ बसायचं. जनावर निवडणं योहानकडे : लस टोचलेलं, जंताचं औषध दिलेलं, स्वभावाने गरीब. करंजाखाली गोणपाट अंथरलं की दवाखाना पाण्याखाली गेल्यासारखा शांत होई. उन्हाचे कवडसे सशांच्या पाठीवरून सावकाश सरकत, आणि आपण जागे आहोत की नाही, हेच योहानला कळेनासं होई.

त्यांच्यातली आठ वर्षांची सुषमा पाच महिने कोणाशी बोलली नव्हती. पौषात डोंगराकडच्या जेठ्याने मागचा पाय मोडलेला काळा बोकड आणला. योहानने पाय बांधला आणि देखरेखीसाठी बोकड ठेवून घेतला. तिसऱ्या गुरुवारी सुषमा त्याच्या कानात काही पुटपुटताना दिसली. योहान चहाचा कप धरून तसाच उभा राहिला. पुढे ती दर गुरुवारी बोले, पण त्या बोकडाशीच.

एक गोष्ट योहानने तिला सांगितली नव्हती. बोकड नवसाचा होता. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या जत्रेत देवीला बळी द्यायचा. अधू जनावर देवीला चालणार नाही, म्हणून तर जेठ्या त्याला घेऊन आला होता. पट्ट्या बदलताना योहानच्या मनात यायचं, एखादी सैल राहिली तर? हात मात्र ऐकेनात. पाय सरळ जुळला.

जेठ्या बोकड न्यायला नेमका गुरुवारी आला.

“योहानदादा, तुझं बरं आहे. तुझा देव बोकड मागत नाही.”

“मागत नाही, पण मेंढरं रोज मोजतो,” योहान म्हणाला. त्याचं लक्ष सुषमाकडे होतं.

जेठ्याने बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडलं. अंग झाडलं तर देवीला मान्य, अशी त्याच्या घरची रीत. बोकड क्षणभर झोपेत असल्यासारखा उभा राहिला, आणि मग त्याने शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. तुषार सुषमाच्या तोंडावर उडाले.

“चल बाबा,” म्हणत जेठ्याने दोरी सोडली आणि बरा झालेला पाय चाचपला. आता ही पोर पुन्हा मिटणार, असं वाटून योहानने मान खाली घातली.

“तो पाय धरू नका.”

आवाज बारीक होता, माणसांशी बरेच दिवस न वापरलेला.

“त्याला तिथे गुदगुल्या होतात. आधी बोरीचा पाला द्या, मग मका. एकटा राहिला की ओरडतो. तेव्हा नाव घ्यायचं.”

जेठ्या उकिडवा बसला. “काय नाव ठेवलंस?”

“चैत्या.”

“घ्या. नाव असलेला बोकड आमच्या घरातून देवीला कधी गेला नाही, पोरी.” त्याने दोरी हाताला गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. “काही जण देवीपुढे जिवंत सोडतात म्हणे. भगताला विचारून बघतो.”

“आणि मका भिजवून,” सुषमा म्हणाली.

तो निघाला तशी तीही फाटकापर्यंत गेली, पाल्याचं, गुदगुल्यांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत. जेठ्या दर वाक्याला “बरं” म्हणत होता. करंजाखाली योहान डोळे मिटून ऐकत राहिला.