त्या सदस्याचं नाव

छापखान्याच्या शाईचा वास आला की मला बहात्तरच्या सुमाराची एक प्रचारसभा आठवते. आमचे हे जामखेडला साप्ताहिक चालवायचे, मी छपाईचे खिळे जुळवायचे. मग हे जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि मुदत संपल्यावर पुन्हा उभे राहिले. मतं मागायला एका वस्तीच्या पारावर बसलो, तर एक म्हातारी कडाडली, "इहिरीत थेंब न्हाई. आपला सदस्य हापसा देतो म्हनला हुता, आजून पत्ता न्हाई!" ह्यांनी सवयीनं खिशातली पेन्सिल काढली आणि भराभर लिहून घेऊ लागले. मीही पेपरवाल्याचीच बायको, मागून म्हटलं, "अहो, त्या सदस्याचं नाव विचारून घ्या." म्हातारी म्हणाली, "बया, तूच सांग की! तुजाच नवरा हाय त्यो." मग जो हशा उठला, त्यात सगळ्यात मोठ्यानं हेच हसले. म्हातारी जरा मऊ झाली. "लेकरा, तू पेपरात लिवायचास तवा सायेब पळत यायचा. आता तूच सायेब झालास, मग लिवनार कोन?" ह्यांनी ती बातमी स्वतःच्या नावासकट पहिल्या पानावर छापली, खिळे मीच जुळवले. निवडणुकीत हे सपाटून पडले आणि महिन्याभरात वस्तीवर हापसा आला. अजूनही तिकडे गेले की बायका मला चहा पाजतात आणि हळूच विचारतात, "वैनी, यंदा दादा उभं ऱ्हानार न्हाईत ना?"