कुटाराची वगार

गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवलेली ती वगार अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे — म्हशीच्या मेलेल्या पिल्लाचं वाळवलेलं कातडं, आत तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचं भूस, ठासून भरलेलं, पोटावर सुतळीचे ओबडधोबड टाके आणि डोळ्यांच्या जागी नुसती दोन भोकं. दिवेलागणीला आत्याबाई, म्हणजे बाबांची आमच्याकडेच राहणारी विधवा बहीण, त्या वगारीच्या पाठीवर मिठाचं पाणी शिंपडून ती चांदीपुढे सरकवायची. आणि एरवी कुणाला जवळ फिरकू न देणारी आमची मारकी म्हैस चांदी डोळे अर्धवट मिटून ते कातडं चाटत राहायची... शेण, ओली वैरण आणि खारट चामड्याचा कोंदट वास गोठ्यात भरून यायचा, आणि मग रिकाम्या चरवीत पहिली धार वाजायची. "सुटला पान्हा," आत्याबाई हळूच म्हणायची.

त्या वर्षी पोळा झाला आणि आमची दोन लेकरं गेली. आधी गोठ्यातली वगार, आणि तिच्यामागोमाग माझी थोरली बहीण वच्छी — लांब वेण्यांची, नाकातून बोलणारी, माझ्या ताटातली भाकर ओढून खाणारी. तापानं तिला नेली. माय रडली नाही. ती भाकरी थापत होती, कापूस वेचायला जात होती, विचारलं तर उत्तर देत होती. फक्त तिचं दूध आटलं. अंगावरचा भाऊ तेव्हा जेमतेम मान धरू लागला होता. त्याला बोंडल्यानं चांदीचं दूध पाजलं, ते त्याला पचेना. पोट जाऊन जाऊन त्याच्या मांड्यांची कातडी सैल पडली, आणि रडण्याचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा बारीक होत गेला. तो जाणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण वच्छीच्या वेळी घर जसं दबक्या आवाजात बोलायचं, तसंच आता बोलू लागलं होतं.

बाबांनी दमणी जुंपून मायला दारव्ह्याच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर ते बराच वेळ बैलांपाशीच उभे राहिले. "बाईले काही झालं नाही म्हन्ते," ते आत्याबाईला म्हणाले. "मंग दूद गेलं कुठी?"

देवळात पोथी सांगणारे बुवा सांगायचे, देह म्हणजे वस्त्र, आत्मा त्याहून निराळा. पुढे मी कॉलेजात शिकले, की पान्ह्याचा हुकूम मेंदूतून सुटतो, आणि भयानं किंवा शोकानं तो वाटेतच अडतो. ते मला चटकन पटलं. देह आणि मन यांच्यामध्ये ज्यांनी एवढी स्वच्छ रेघ ओढली, त्यांच्या गोठ्यात म्हैस नसावी.

डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईनं मला हाक मारली. खुंटीवरचा वच्छीचा हिरवा झगा तिनं माझ्या अंगात घातला, वच्छीचंच आवळ्याचं तेल माझ्या डोक्यावर थापलं आणि वेण्या इतक्या घट्ट ओढल्या की डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी माय चुलीपाशी बाळाला घेऊन बसली, की वच्छी तिच्या पाठीला पाठ टेकून पाढे म्हणायची. ती जागा कोणाची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाठ लावून बस, अन् पाढे म्हन," आत्याबाई म्हणाली. "तिच्यावानी, नाकातून."

"अन् मायनं ओयखलं त?"

"ओयखू दे. चांदी नाही ओयखत काय?"

मी जाऊन बसले. बे एके बे, बे दुणे चार... मायची पाठ लाकडासारखी ताठ होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. समोर भिंतीवर चुलीचा जाळ हलत होता आणि नाकात आवळ्याच्या तेलाचा, वच्छीचा वास. कितव्या पाढ्याला कोण जाणे, ती पाठ थरथरली, मग सैल पडली, ऊन ऊन झाली, आणि बाळाच्या घशातून घुटक्यांचा आवाज आला. "वच्छे," माय म्हणाली, "सरकू नको." भाऊ वाचणार म्हणून मला फार आनंद झाला, आणि त्याच वेळी कुणीतरी माझ्या पोटात मुठी मुठीनं कुटार भरतंय असंही वाटलं.

तो सबंध हिवाळा मी दिवेलागणीला वच्छी झाले. भाऊ बाळसं धरू लागला. त्या वेळेपुरती माय माझ्यावर रेलायची, तशी ती माझ्यावर आधी कधी रेलली नव्हती, आणि मी दिवसभर त्या वेळेची वाट पाहायची — हे सांगतानाही जीव कसनुसा होतो.

उन्हाळ्यात चांदी आटली. एके सकाळी कुटाराची वगार उकिरड्यावर पडलेली दिसली, पोट उंदरांनी फोडलेलं. भावाचं दूध तुटलं तेव्हा आत्याबाईनं हिरवा झगा धुऊन पेटीत ठेवला, आणि माय मला पुन्हा मंदा म्हणू लागली. पाठीला पाठ मात्र तिनं पुन्हा कधी लावू दिली नाही.

भाऊ आता आर्णीला असतो, नातवंडांत रमलेला. त्याला यातलं काही ठाऊक नाही. माय शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा एकदा मी तिची कूस बदलत असताना आपणहून म्हणाली, "मले पयल्याच दिवशी मालूम होतं, मंदे, का तू हायेस. आंगाले नोतं मालूम." आणि थोड्या वेळानं, "पाठ दे थोडी." मी पाठ दिली. पाढे कोणाच्या आवाजात म्हणायचे ते ठरेना.

माय जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. थंडीतल्या एखाद्या संध्याकाळी, भाजी निवडताना, माझी पाठ अजूनही एकाएकी ऊन होते. ती ऊब माझ्यासाठी नव्हती, हे मला माहीत आहे. पाठीला माहीत नाही.