मोटर मागच्या सीटवर होती

मी असल्या गोष्टी मानत नाही. बीडच्या एका कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. या सदरातले पांढऱ्या साडीतल्या बाईचे अनुभव मी आजवर चहासोबत हसत वाचले. आज त्याच रांगेत बसायची वेळ आली, याचा मला मनापासून राग आहे.

माझी गाडी वीस वर्षांची. गेल्या जानेवारीत तिच्या हीटरचा ब्लोअर खर्र-खर्र करून बंद पडला. आमच्याकडे हीटर लावतो कोण... पण थंडीत काचेवरची वाफ त्यानेच जाते. रशीदभाई मिस्त्रींनी डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागची ब्लोअरची मोटर काढली. नवी दोन दिवसांनी येणार होती. जुनी त्यांनी रिवाजाप्रमाणे माझ्या हातात दिली. काढलेला पार्ट मालकाला द्यायचा, म्हणजे नंतर संशय नको. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि पान नेमकं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीचं. पुडकं मागच्या सीटवर टाकलं आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या बहिणीला, अक्काला, दम्याच्या तपासणीसाठी पालीहून अंबाजोगाईला न्यायचं होतं. पालीच्या धरणाकडून धुकं आलेलं. मांजरसुंब्याच्या घाटात तिला धाप लागली. पंप दोनदा ओढला, फरक नाही. काच आतून पांढरीफटक. खिडकी उघडली तर गार हवेने खोकला वाढला. थांबावं तर मागे ट्रक. मी मफलरने काच पुसतोय आणि शेजारी तिच्या छातीतली शिट्टी...

सवयीने ब्लोअरचं बटण फिरवलं.

खर्र-खर्र. तोच आवाज. ऊबदार हवा आली, काच खालून वर साफ होत गेली — आणि समोर दहा पावलांवर उसाची ट्रॉली, मागे एकही लाल दिवा नसलेली. कचकन ब्रेक दाबला.

"ब्लोअर बिघडलाय म्हणलतास ना?" अक्का धापा टाकत म्हणाली.

तिला दवाखान्यात पोचवलं, औषधाची वाफ सुरू झाली, तसा मी गाडीकडे पळालो. कप्पा काढला. आत रिकामी खोबण, वायरीवर टेप. मागच्या सीटवरचं पुडकं उचललं. गरम होतं. ऊन अजून गाडीवर आलेलं नव्हतं.

धावत्या गाडीत हवा आपोआप आत येते, हे मला शिकवू नका. आम्ही पायी चालल्यासारखे चढत होतो. आणि आवाजाचं काय? रशीदभाईंना विचारलं, तर म्हणाले, "सर, मोटरच न्हाई तिथं. फिरंल काय, माझं डोकं?"

शेजारचे बप्पा त्या पुढाऱ्याचे कार्यकर्ते. त्यांना कारण लगेच सापडलं. "भाऊंच्या फोटोत गुंडाळली व्हती, आनखी काय पायजे?" संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर भाऊंची कृपा. दोघं येऊन बॉनेटला कुंकू लावून गेले. फोटोत येतोय म्हणून मलाच बाजूला व्हायला सांगितलं!

नवी मोटर बसली, बिनआवाजाची आहे. जुनी भंगारात द्यायला निघालो, तर अक्काने हातातून घेतली आणि आपल्या पंपाशेजारी फळीवर ठेवली.

"कारण तू शोधीत बस," ती म्हणाली. "मला दम मिळाला."

चार महिने शोधतोय. सापडलेलं नाही. जाहिरातीचं ते पान मात्र मी फाडून टाकलं... तेवढंच माझ्या हातात होतं.