कालवडीच्या पायातला दोरा

आमची गौरी एवढीशी कालवड हुती, तवा नजर लागू नये म्हनून मीच तिच्या पायाला काळा दोरा बांधला. आज जनावरांची डाक्टरीण खाली बसून त्यो मांसातनं सोडवत हुती.

“आजी, पाय वाढतो, दोरा वाढत नाही. अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता. आता वाचेल.”

एवढंच बोलली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

न्हानपनी लगीन झालं, तवाचं जोडवं माझ्या बोटात असंच रुतलं हुतं. “दुखतंय” म्हनलं, तर सासू म्हनली, “हुईल सवय.” मला निदान बोलता तरी येत हुतं.

गौरीचं डोकं मी मांडीवर दाबून धरलं हुतं. ती माझाच हात चाटत हुती. मला तिच्याकडं बघवंना.