माहेरच्या नावाने छापलेल्या गोष्टी

माझ्या मेहुण्याने मला भर बाजारात विचारलं होतं, "तिला ठाऊक होतं का?" आणि मी म्हणालो होतो, "होतं." ते खोटं होतं. त्या एका शब्दाने माझ्या बायकोचं माहेर तुटलं. मी स्वतःचं समर्थन करायला बसलेलो नाही. ते कसं घडलं, तेवढं सांगतो.

मी तेव्हा पाटोद्याच्या तहसील कचेरीत कारकून होतो. अमदानी निजामाची, दप्तर सगळं उर्दूत. मराठीत गोष्टी लिहिण्याचा मला नाद होता आणि त्या मी पुण्याच्या एका मासिकाला पाठवायचो. सरकारी नोकराने इंग्रजी मुलखातल्या मासिकात लिहिणं वरच्यांना खपलं नसतं, म्हणून टोपणनाव घ्यावं लागलं. आधी एक भारदस्त संस्कृत नाव घेतलं. त्या नावाच्या गोष्टी एकामागून एक परत आल्या. त्याच मासिकात बायकांनी लिहिलेलं मात्र कौतुकाने पुढच्या पानांवर येई. तेव्हा मला बायकोचं माहेरचं नाव आठवलं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने मी तिचं नवं नाव लिहिलं होतं. त्यानंतर सासरी तिला जुन्या नावाने कोणी हाक मारली नाही. मला वाटलं, ते नाव आता नुसतं पडून आहे, घेतलं तर कुणाचं काय जातं? तिला विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. आजोबांनी पोथीतून शोधून ठेवलेलं ते नाव आमच्या भागात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. संपादकांना आडनाव हवं होतं, म्हणून मी तिच्या गावाचं, धर्मापुरीचं, नाव पुढे जोडून दिलं. इतका शहाणा मी!

गोष्टही तिच्याकडूनच आलेली. जोंधळे निवडताना ती माहेरचं बोलत बसे. तिची आत्या लहानपणीच विधवा होऊन भावाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, घरी परत आली होती. एका सणाला तिने चुकून नव्या सुनेच्या ओटीला हात लावला आणि त्या दिवसापासून तिचं ताट गोठ्याच्या पडवीत जाऊ लागलं. ती म्हशीशी बोलत बोलत जेवायची. भाचीची वेणी घालताना तिने हे सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून. बायकोने ते मला सांगितलं, कारण मी नवरा. मी म्हशीसकट सगळं लिहिलं. संपादकांनी उत्तरात मला 'भगिनी' म्हटलं आणि आणखी लिहा म्हणून कळवलं. मी हुरळून गेलो आणि लिहीत राहिलो.

ते मासिक मोमिनाबादच्या एका वकिलाकडे येत असे. तिथून ते धर्मापुरीला पोचलं. नागपंचमीच्या आधी मेहुणा पाटोद्याला आला, तो आमच्या घरी न येता बाजारातच मला गाठून उभा राहिला.

"दाजी, आक्काचं नाव कावून छापलं?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? देवळाच्या ओट्यावर वाचून दाखवलं सगळ्या गावाला. लोक आमाला विचारायलेत, आज तुमची म्हैस काय म्हणती? आत्या जेवायला उठंना झालीय." त्याचा आवाज खाली आला. "लिहिलं तुमी, हे कळतंय. आक्काला अक्षर येत न्हाई. तिला ठाऊक होतं का, तेवढं सांगा. ठाऊक नसलं तर तिचा काय दोष, असं अण्णा म्हणतात." अण्णा म्हणजे माझे सासरे.

नाही म्हणायचं होतं, बस्स. पण नाही म्हटलं असतं तर मी बायकोचं नाव चोरणारा जावई ठरलो असतो. मी म्हणालो, "होतं."

तो पाणीही न पिता निघून गेला.

पंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येतो. त्या वर्षी मुराळी आला नाही. ती लुगडी बांधून बसली होती. "खुरपणी चालू असंल," ती म्हणाली. मी म्हणालो, "असेल." पुढच्या वर्षीही कोणी आलं नाही. मग ती भाकरी थापता थापता भावाला बोलू लागली. "पाठचा भाऊ, कडेवर घेऊन हिंडले त्याला. लई जड झाले आता मी." मी समोर बसून जेवत होतो.

महाशिवरात्रीला ती शेजारणींबरोबर परळीला गेली आणि तिथून न बोलावता धर्मापुरीला. परत आली तेव्हा तिने गाठोडं उंबऱ्यातच ठेवलं.

"आत्या म्हणाली, वेणी घालताना बोललेलं तू बाजारात मांडलंस. मी म्हटलं, मला काहीच ठाऊक न्हाई. तर भाऊ म्हणाला, दाजींनीच सांगितलं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मी त्यांना शिव्या देत होते आणि तुमी कालवण मागून घेत होता."

मी नोकरीचं काढलं. हे बाहेर फुटलं असतं तर कचेरीत काय झालं असतं, असं काहीतरी.

"तुमचा तहसीलदार मराठी वाचतो का?"

नोकरीची भीती थोडी होती. खरी भीती, ते नाव गेलं तर माझं लिखाण कोण छापणार, ही होती.

"नवं नाव तुमी ठेवलं, ते मी गुमान घेतलं," ती म्हणाली. "जुनं तेवढं तिकडं माझं होतं. त्या नावानं हाक मारणारी माणसं होती."

मी माफी मागू लागलो, तर तिने हात वर केला. "मला नका सांगू. त्यांना सांगा, चार माणसांत."

तरी मी टाळत राहिलो. तिने पुन्हा एकदाही म्हटलं नाही, आणि तेच मला सोसेना. उन्हाळ्यात रजा घेऊन तिला बरोबर घेतलं आणि धर्मापुरीला गेलो. सासरे ओसरीवर बसले होते. बसा म्हणाले नाहीत. शेजारपाजारचे जमले. आत्या दाराआड उभी होती, तिच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ दिसत होता. बायको अंगणातच थांबली.

मी उभ्यानेच बोललो. "मामा, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाजारात मी खोटं बोललो. तिचं नाव मी तिला न विचारता घेतलं. आत्याबाई, तुमचं दुःख मी तुम्हाला न विचारता लिहिलं आणि त्यावर शाबासकी घेतली. अपराध माझा आहे, तिचा नाही. मला माफ करा अगर करू नका, पण तिला घरात घ्या."