पाचवीच्या किटमधला रिकामा पाऊच

मी स्पॅनिश शिकलो असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काय काय येतं. विमान येतं, समुद्र येतो, गॉगल लावलेली एखादी पोरगी येते. तुमच्याही आलं असंल तर पुसून टाका. मी स्पॅनिश शिकलो कुपवाडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये, पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून. समोर अकरा बायका. मी हातातली कात्री वर धरून ओरडायचो, "तिखेरास!" आणि माझ्यामागनं अकराजणी ओरडायच्या, "तिखेरास!" शेजारच्या कारखान्याचा वॉचमन एकदा भिंतीवरनं डोकावून विचारून गेला, "कुणाला काय चावलं काय रं?"

मी सागर. गाव कडेगावकडचं, शाळा गावातलीच, नंतर डिप्लोमा. ह्या कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. डिस्पॅच म्हणजे माल मोजायचा, खोक्यात भरून घ्यायचा, त्याचे कागद करायचे आणि गाडीत चढवून द्यायचा. आमच्यात कंपासपेट्या आणि पट्ट्या बनतात. ह्याशिवाय मला एक गोष्ट येते, ती म्हणजे नकला. गावचे हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, बाजारातली भाजीवाली, कुणाचाबी आवाज काढतो. मालकांचासुद्धा. तो मालक शेडमध्ये नसताना.

तर आमच्याकडं चिलीची ऑर्डर आली. चिली हा देश आहे, आणि तो इतका लांब आहे की आमची संध्याकाळ ही त्यांची सकाळ. कारखान्याची पहिलीच एक्स्पोर्ट ऑर्डर. नुसत्या कंपासपेट्या नव्हेत, अख्खे किट. किट म्हणजे एका पोराला वर्षभर वर्गात लागणारं सगळं सामान एका पिशवीत. वह्या, पेन्सिली, खोडरबर, कात्री, डिंक, सगळं. आमचं नव्हतं ते सामान बाहेरनं विकत आणलं. तिकडं प्रत्येक वर्गाची सामानाची यादी ठरलेली असते. पहिलीची वेगळी, पाचवीची वेगळी. त्या यादीबाहेर काही चालत नाही. आणि सगळं स्पॅनिशमध्ये. यादीपण, प्रत्येक वस्तूच्या पाकिटावरचं नावपण.

मालकांनी यादी बघितली. चष्मा पुसला. परत बघितली.

"हे आपल्या बायकांचं काम न्हवं," ते म्हणाले. "भिवंडीत एकजण हाय. त्याचा एक्स्पोर्टवर हात बसलाय. पॅकिंग तिकडं देऊ."

सुमनअक्का तिथंच उभी होती. अक्का म्हणजे आमच्या पॅकिंगच्या लाइनची मुख्य. शेड बांधली तेव्हापासून ती इथं आहे, मालकांच्या वडिलांनी तिला कामावर घेतलेलं.

"मग आमी काय करायचं?"

"ह्या ऑर्डरीपुरतं घरी बसा."

ऑर्डरीपुरतं म्हणजे काय ते शेडमध्ये सगळ्यांना कळतं. पॅकिंग एकदा भिवंडीला गेलं की ते परत कुपवाडला येत नसतं. अकरा बायकांची रोजची हजेरी त्या एका यादीवर येऊन थांबली होती.

मी म्हणालो, "मालक, आठ दिवस द्या. मी शिकवतो."

"तुला येतंय व्हय स्पॅनिश?"

"नाही. पण आवाज काढता येतो."

"आणि शिकवायचं कशाला? खोक्यांवर चित्रं चिकटवा की."

चित्रं मी करून बघितली होती. वह्या तीन प्रकारच्या, रेघांची, चौकटीची आणि कोरी. बाहेरनं तिन्ही सारख्या. रबरं दोन प्रकारची, तीपण सारखीच. चित्रात फरक दिसायचा नाही, तो फक्त पाकिटावरच्या नावात. शिवाय माल निघायच्या आधी चिलीची पाओला मॅडम व्हिडिओ कॉलवर तपासणी घेणार होती. ती नाव घेणार आणि पॅकिंगवालीनं ती वस्तू उचलून कॅमेऱ्यापुढं धरायची. तिथं चित्र काय कामाचं?

"आठ दिवस," मालक म्हणाले. "नववा न्हाई."

मी फोनवर शब्द ऐकायला लागलो. आधी ऐकायचं, मग अंघोळ करताना, गाडी चालवताना, चहा पिताना तेच तोंडात घोळवायचं. चाळीस शब्द होते. अर्थ लक्षात राहायला वेळ लागत होता, आवाज मात्र लगेच बसत होता. मग मी प्रत्येक शब्दाला एक माणूस दिला. वही म्हणजे क्वादेर्नो, हे हेडमास्तर छडी आपटून मागणार. पेन्सिल म्हणजे लापिस, ही भाजीवालीच्या सुरात, "लापीऽऽस घ्या, ताजी लापीऽऽस!" पट्टी म्हणजे रेग्ला, कंडक्टर बेल मारून म्हणणार. टोक करायच्या शार्पनरला साकापुंतास, ते आमच्या गावच्या तालमीतला वस्ताद दंड थोपटून म्हणणार.

बायका पहिल्या दिवशी नुसत्या हसल्या. खोक्याला काखा म्हणतात हे कळल्यावर तर अर्धा तास वाया गेला. पण दुसऱ्या दिवशी अक्का टेबलावर हात आपटून म्हणाली, "दात काढायचं बंद करा गं. हसून घर चालणार हाय का? सागऱ्या, म्हण पुढचं."

अक्कानं मग शाळाच लावली. डबा खाताना चपाती उचलायची तर आधी पाच नावं. मशीनपाशी जायचं तर तीन. आणि कंपासला तिकडं कोंपासच म्हणतात हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, तेनीबी आपल्याकडनंच उचलल्यालं दिसतंय."

शब्दांमध्ये शेवटचा राहिला एस्तुचे बासीओ. एस्तुचे म्हणजे पेन-पेन्सिली ठेवायचा चेनचा पाऊच. बासीओ म्हणजे रिकामा. पाचवीच्या किटमध्ये तो रिकामाच द्यायचा होता, कारण पाचवीची पोरं पेनं आपापली घरनं आणतात. आता रिकामा हे दाखवायचं कसं? मला चेव आला. मी लहान पोरगं झालो. शाळेचा पहिला दिवस, नवी पिशवी, हौसेनं पाऊच काढला, चेन उघडली, आत काहीच नाही. खालचा ओठ बाहेर काढला, नाक ओढलं, आणि बारीक आवाजात म्हणालो, "बासीओऽऽ." नक्कल इतकी जमली की मागं बसलेल्या दोघींनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या.

आठव्या दिवशी मालकांनी परीक्षा घेतली. कागदावरनं वाचून विचारलं, उच्चार त्यांचा वाईट, तरी अकराजणींनी चाळीसच्या चाळीस वस्तू बिनचूक उचलल्या. भिवंडीला फोन गेला नाही. पॅकिंग आमच्याकडंच राहिलं.

पुढं आठवडाभर काम जोरात चाललं. तपासणीच्या दिवशी सकाळी मी खोकी काट्यावर चढवायला लागलो. एक्स्पोर्टच्या कागदांवर प्रत्येक खोक्याचं सामानासकट वजन लिहावं लागतं, आणि ते काट्याशी जुळावं लागतं. पहिलीची खोकी जुळली. तिसरीची जुळली. पाचवीचं पहिलं खोकं पाव किलोनं जास्त भरलं. दुसरं तेवढंच. पाचवीची पंधराच्या पंधरा खोकी तेवढीच जास्त.

काटा बिघडत नसतो एकाच वर्गासाठी. मी एक खोकं फोडलं, एक किट काढला, यादीप्रमाणं सगळं बाहेर मांडलं. बरोबर. मग पाऊचची चेन उघडली. आत एक पेन्सिल. लाल रंगाची, आमच्या जुन्या पंचायत समितीच्या ऑर्डरीतली उरलेली. तिच्यावर मराठीत छापलेलं होतं, 'चला शाळेला'.

"अक्का!"

अक्का शांतपणे आली.

"हे काय हाय?"

"लापिस," अक्का म्हणाली.

"ते मलापण कळतंय. ह्याच्यात कशी आली?"

"आमी घातली. प्रत्येकात एक. कोपऱ्यात पोतं पडलंच हुतं, मालकांनी कवाच टाकून द्या म्हणून सांगितल्यालं."

"आवं अक्का, बासीओ म्हणजे रिकामा. तुमाला पाठ हाय की!"

"म्हणून तर घातली. लेकराच्या हातात कुणी रिकामी पिशवी देतं का रं? शेजारणीचं भांडं परत करताना तुझी आई रिकामं देती का? चिमूटभर साखर तरी घालती का न्हाई?"

"ते शेजारणीचं. हे चिलीचं."

"आणि तूच रडून दाखवलंस न्हवं? मला तर घरी जाऊनबी ते पोरगं दिसत हुतं."

मी समजावलं की कागदावर नसलेली वस्तू खोक्यात सापडली तर बंदरावर माल अडकतो. मग ऑर्डर जाते, आणि ऑर्डरीमागनं पॅकिंगपण जातं.

अक्कानं पदर खोचला. "चला गं. फोडा सगळी."

पंधरा खोकी, खोक्यात चाळीस किट, म्हणजे सहाशे पाऊच. सकाळी दहाला सुरुवात केली. चेन उघडायची, पेन्सिल काढायची, चेन लावायची, परत तसंच भरायचं, परत टेप. जेवायला कुणी उठलं नाही. मी टेप मारून मारून बोटाची साल काढून घेतली. पाच वाजता शेवटचं खोकं बंद झालं. परत वजन घ्यायला वेळच उरला नाही, साडेपाचला कॉल होता. मालकांना तोवर आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

कॉल लागला. मालकांनी फोन धरला. पाओला मॅडमला इंग्रजी जेमतेम, आमच्याइतकंच. मेल आम्ही दोन्ही बाजूंनी मशीनवर भाषांतर करून चालवायचो, पण कॉलवर ती सोय नव्हती. तिनं बोटांनी आधी पाच आणि मग अकरा दाखवले. म्हणजे पाचवीचं अकरा नंबरचं खोकं. फोडलं.

"तिखेरास," ती म्हणाली. कात्री वर.

"क्वादेर्नो..." असं म्हणून तिनं चौकटीच्या वहीचं नाव घेतलं. चौकटीची वर, रेघांची नव्हे. मॅडमच्या भुवया वर गेल्या. ती भराभर नावं घेत सुटली आणि आमच्या बायका भराभर उचलत सुटल्या.

"एस्तुचे बासीओ."

अक्कानं पाऊच वर धरला. मॅडमनं चेन उघडायची खूण केली. अक्कानं चेन उघडली, पाऊच उलटा केला. टेबलावर टक्कन लाल पेन्सिल पडली.

सहाशेत एखादी राहिली असणार, आणि बाईनं नेमकी तीच काढली. मॅडमनं एक प्रश्न विचारला. शब्द कळले नाहीत, प्रश्न कळला.

आता माझी खरी पंचाईत झाली. माझ्याकडं चाळीस शब्द होते आणि चाळीसच्या चाळीस वस्तूंची नावं. नुसत्या नावांनी काही सांगता येत नाही, मागता तेवढं येतं. पण गप्प बसलो असतो तर ती फोन ठेवणार होती. मी कॅमेऱ्यापुढं गेलो आणि पोरगं झालो. पाऊच घेतला, चेन उघडली, आत बघितलं. "बासीओऽऽ." ओठ काढला, डोळे चोळले, रडलो. मग अक्काकडं बोट केलं. अक्कानं ओळखलं. ती पुढं झाली, पेन्सिल उचलली, माझ्या पाऊचमध्ये ठेवली आणि माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. मी दोन उड्या मारल्या. "लापिस!" मग मी पेन्सिल काढली, यादीवर बोट ठेवलं, मान जोरजोरात हलवली, "नो लापिस, नो लापिस," आणि मागं पोत्यात टाकलेल्या बाकीच्या पेन्सिली दाखवल्या.

मॅडम हसली नाही. मग तिनं काट्याकडं बोट केलं. पंधराही खोकी एकेक करून काट्यावर ठेवायला लावली. चौदा बरोबर भरली. तिसऱ्या नंबरचं बारा ग्रॅमनं जास्त. तेपण फोडलं, दोन पेन्सिली निघाल्या. त्या काढून कॅमेऱ्यापुढं परत टेप मारली. तेव्हा कुठं तिनं अंगठा वर केला. माल दुसऱ्या दिवशी गेला, वेळेत पोचला, आणि पुढच्या ऑर्डरीच्या मेलमध्ये ओळ होती की पॅकिंग ह्याच टीमनं करावं. भिवंडीचा विषय परत निघाला नाही. मी मात्र तेव्हापासून शिकवताना नक्कल जरा बेतानं करतो. लोक शब्द विसरतात, रडणारं पोरगं विसरत नाहीत.

पण त्या संध्याकाळी कॉल बंद झाल्याबरोबर मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अक्का न बोलावता मागनं आली.

"सकाळी कळलं, तर मला का सांगितलं न्हाईस?"

मी साल निघालेलं बोट चोळत राहिलो.

"कारखान्याचं नाव लावून तू तिकडच्या बाईफुडं रडलास. उड्या मारल्यास. ह्या वयात हिनं तुझ्या डोक्यावरनं हात फिरवला. मी फोन धरून उभा, मला कळंना की तपासणी चाललीय का गॅदरिंग."

मी खाली बघितलं.

"चाळीस शब्द पाठ केलंस. आठ दिवस माझी शेड डोक्यावर घेतलीस. पट्टी आली, डिंक आला, खोडरबर आलं. त्यात 'चुकलं, माफ करा' एवढं एक घालायला तुझं काय जात हुतं रं? आणि ते न्हाई तर न्हाई, नुसतं सॉरी म्हणाला असतास! सॉरी सगळ्या जगाला कळतं, गाढवा!"

मालक स्वतः तिथंच उभे होते, त्यांनाही ते सुचलं नव्हतं. पण हे मी बोललो नाही. अक्का मात्र बोलली.

"आमी कशाला म्हणायचं माफ करा? पेन्सिल घातली, काढून न्हाई घेतली."

"तू गप," मालक म्हणाले. "उद्यापासनं तूबी शिकायचं. दोघांनी मिळून शंभर वेळा म्हणायचं, माझ्यासमोर. आणि सागऱ्या, माझ्या आवाजात न्हाई. तुझ्या."